बाळ येशूचे काळे आसू

तात सेनोबियोच्या अंगणात उजाडण्याआधीच चाळीसेक बायका येऊन बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीला एकेक पोर बांधलेलं होतं. पोरं खोकत होती. एक थांबलं की दुसरं सुरू करी, दुसरं दमलं की पलीकडच्या कोपऱ्यातलं तिसरं. जानेवारी चालू होता, गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं, तरी एकही बाई हलायला तयार नव्हती. आत, पुढच्या खोलीत, बाळ येशू रडत होता. आणि त्याचे आसू काळे होते.

दाराच्या चौकटीला खांदा टेकवून फ्लोरिदाल्मा तेमाज हे सगळं बघत होती. तुईशाक गावच्या आरोग्य केंद्रातली ती नर्स. गेली सव्वीस वर्षं तीच एक. डॉक्टर यायचे, फोटो काढायचे आणि बदली करून घ्यायचे. तिचं वय बावन्न, पण गुडघ्यांना विचाराल तर ते सत्तर सांगतील. थोरल्या बाईचा मान म्हणून गाव तिला नान फ्लोरी म्हणे, जसं सेनोबियोसारख्या वयस्क बाप्याला तात म्हणत. मुलं किती, असं कुणी विचारलं तर ती ‘दोन मुली’ म्हणायची, आणि म्हणण्याआधी जरा थांबायची.

असले चमत्कार तिनं बरेच पाहिले होते. घाम येणारा क्रूस पाहिला होता, दगड ओकणारी पोरगी पाहिली होती, अंड्यात आजार उतरवून दाखवणारा म्हातारा पाहिला होता. पूर्वी तिला राग यायचा. आता नुसता कंटाळा यायचा, आणि कंटाळ्याच्या खाली भीती असायची, कारण हे चमत्कार नेमके खोकल्याच्या दिवसांतच सुरू व्हायचे.

बाळ येशू हातभर उंचीचा होता. प्लास्टरचा, गुलाबी गालांचा, काचेच्या डोळ्यांचा. त्याला एका लहानशा खुर्चीत बसवलं होतं, डोक्यावर पत्र्याचा मुकुट होता, आणि भोवती मेणबत्त्यांची इतकी दाटी होती की पुढच्या बायकांचे चेहरे घामानं चमकत होते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक काळा थेंब फुगला, थांबला, आणि गालावरून सावकाश खाली आला. खोलीतल्या बायकांनी एकदम श्वास ओढला.

“बंधूंनो, भगिनींनो, तुमचा फक्त एक मिनिट घेतो,” तात सेनोबियो म्हणाला. खोलीत बंधू एकही नव्हता, पण बारा वर्षं बसगाड्यांतून जंताचं औषध विकल्यावर तोंडाला बसलेलं वाक्य सुटत नाही. “हा आसू कसला? हा तुमच्या लेकरांच्या छातीतला आजार. खोकला असो, धाप असो, घरघर असो, वाईट वारं लागलेलं असो, शेजारणीची नजर लागलेली असो. बाळ येशू काय करतो? आजार स्वतःकडे ओढून घेतो आणि डोळ्यावाटे बाहेर टाकतो. म्हणून आसू काळा. पांढरा असता तर मीच म्हणालो असतो, सेनोबियो, तुला कुणीतरी फसवतंय. अख्ख्या ग्वातेमालात असा बाळ येशू दुसरा नाही. आणि किंमत? देवाची किंमत करणारा मी कोण? फक्त मेणबत्ती लावा. बाहेरची नको. बाहेरच्या मेणबत्तीत काय घालतात कुणी पाहिलंय? माझ्या दुकानातली घ्या.”

“काल दुपारी तर रडला नाही तो, तात,” मागून एक बाई म्हणाली.

“काल दुपारी मेणबत्त्या किती होत्या, बाई? चार. चार मेणबत्त्यांत देव रडतो का?”

बायकांनी माना डोलावल्या. फ्लोरिदाल्मानं ते वाक्य लक्षात ठेवलं.

मग औषधोपचार सुरू झाला. तात सेनोबियो कापसाचा बोळा गालावर फिरवायचा, एक थेंब पोराच्या एका नाकपुडीत, एक दुसरीत, उरलेलं छातीला चोळायचं. असे तीन दिवस तीन आसू. रांगेत पुढून पाचवी ओडिलिया होती, फ्लोरिदाल्माच्या वारलेल्या भावाची मुलगी. तिच्या पाठीवर पाच महिन्यांचा एल्मेर. त्याच्या नाकपुड्या श्वासागणिक फुलत होत्या. फ्लोरिदाल्मा घड्याळाकडे बघत मिनिटभर त्याचे श्वास मोजत राहिली. अठ्ठावन्न. एवढ्या पोराचे श्वास मिनिटाला पन्नासच्या आत हवेत.

“ओडिलिया, इथून सरळ माझ्याकडे केंद्रात चल.”

“येते ना आत्या. आज दुसरा आसू आहे. उद्या तिसरा झाला की येते.”

“उद्यापर्यंत थांबू नकोस. मागच्या आठवड्यात मी तुला बोलावलं होतं.”

“आले होते की. तुम्ही म्हणालात, औषध संपलंय, सोमवारी ये. सोमवारी आले, तर औषधाची गाडीच आली नव्हती.” ओडिलियानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. “इथं निदान रोज काहीतरी मिळतं, आत्या.”

तेवढ्यात ओडिलियाचा नंबर आला. थेंब नाकात गेला तसा एल्मेर ठसकला, लाल झाला, मग ओठांच्या कडेनं निळसर. तात सेनोबियो म्हणाला, “बघा, आजार भांडतोय.” पोराच्या नाकाखाली तेलकट चकाकणारा डाग तेवढा राहिला. पोरांच्या नाकात तेलकट काही घालू नका, ते सरळ छातीत उतरतं आणि तिथंच बसतं, हे फ्लोरिदाल्मा सव्वीस वर्षं सांगत होती. आता तेच काम देवाच्या नावानं होत होतं.

केंद्रात जाऊन तिनं लसींच्या पेटीमागे लपवून ठेवलेली एकुलती एक बाटली काढली. अगदीच गळ्याशी आलं तर, म्हणून ठेवलेली. ती पिशवीत टाकून ती ओडिलियाच्या सासरी निघाली.

स्वयंपाकघरात शिरताना तिनं नेहमीसारखे डोळे बारीक केले. तीन दगडांची चूल जमिनीवर पेटलेली, खिडकी नाही, धुराडं नाही, वर पत्रा. धूर माणसाच्या खांद्यापर्यंत उतरलेला. ओडिलिया चुलीवर वाकून मक्याच्या भाकऱ्या थापत होती आणि एल्मेर तिच्या पाठीवर होता, तोंड बरोबर धुरात. सासू नान तोमासा अंगणाच्या दाराशी बटाटे सोलत बसली होती. घरात धाकटे तीन दीर, त्यातले दोघं आठवडाभर खोकणारे, आणि झोपायला खाटा दोन. ओडिलियाचा नवरा उत्तरेला गेलेला, कुठल्याशा हॉटेलात भांडी घासत होता आणि त्याचा फोन चार दिवस लागत नव्हता. म्हणजे शब्द चालायचा तो तोमासाचा.

फ्लोरिदाल्मानं पोराला अंगणात घेतलं, अंगरखा वर केला आणि पुन्हा मोजलं. सहासष्ट. बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. तिनं बाटलीतलं औषध पाण्यात कालवून चमच्यानं दिलं आणि म्हणाली, “नान तोमासा, याला खाली शहरात इस्पितळात न्यायला हवं. आजच. एकची पिकअप शेवटची आहे.”

“इस्पितळात माझी बहीण चालत गेली आणि आडवी आली,” तोमासा सोलता सोलता म्हणाली.

“तुमची बहीण चार दिवस उशिरा गेली होती.”

“ते तुम्ही सगळे नेहमी म्हणता. मेलेल्या माणसाला उशीरच झालेला असतो.” तिनं साल खाली टाकलं. “दोन आसू झालेत. उद्या तिसरा. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, तात सेनोबियोनं बजावून सांगितलंय.”

“पोराची छाती बघा. उद्या फार लांब आहे.”

“नान फ्लोरी, माझा नातू आहे तो. तुम्हाला वाटतं मला डोळे नाहीत?” तोमासाचा आवाज चिरकला. “दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत याची बहीण गेली. तेव्हा मी तुमचं ऐकलं होतं, औषध पाजलं होतं, तरी गेली. मग आता कुणाचं ऐकू?”

ती पोर दीड महिन्याची होती, आणि ती आणली गेली तेव्हा खरोखरच उशीर झालेला होता, पण हे आता परत कुठल्या तोंडानं सांगायचं? फ्लोरिदाल्माला एकदम फार थकल्यासारखं झालं. भांडून तिनं आजवर एकही पोर इस्पितळात पोचवलं नव्हतं. घड्याळात साडेनऊ झाले होते.

“कांदेलारियाच्या सणाला किती दिवस राहिले?” तिनं विचारलं.

“अकरा. का?”

“मग चोरीचे दिवस अजून संपले नाहीत की.”

तोमासानं सुरी खाली ठेवली. नाताळपासून फेब्रुवारीतल्या कांदेलारियापर्यंत शेजाऱ्याच्या घरचा बाळ येशू गुपचूप पळवायचा, आपल्या घरी लाडाकोडात ठेवायचा, आणि सणाच्या दिवशी ढोल, फटाके, मक्याच्या पिठाचे गरम तमाल घेऊन वाजतगाजत परत करायचा, ही गावाची जुनी रीत. ज्याचा देव चोरीला गेला त्यानं रागवायचं नसतं, उलट त्याचा मान वाढतो. तोमासा तरुणपणी या कामात नावाजलेली होती. एकदा तिनं खुद्द पाद्रीबाबांच्या घरचा बाळ येशू भोपळ्याच्या टोपलीत घालून आणला होता.

“उद्यापर्यंत कशाला थांबायचं?” फ्लोरिदाल्मा म्हणाली. “बाळ येशूलाच इथं आणू. एल्मेरजवळ ठेवू, एक नाही, दहा आसू मिळतील. अट एकच. मेणबत्ती लावायची नाही. ज्याला पोराची दया येते त्याला मेणबत्ती कशाला लागते? बारापर्यंत रडला, तर मी तुम्हाला पुन्हा शब्दानं काही सांगणार नाही. नाही रडला, तर एकच्या गाडीत पोर माझ्याबरोबर.”

तोमासानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुमचा विश्वास नाही, म्हणून तुम्ही पैज लावताय.”

“आणि तुमचा आहे, म्हणून तुम्हाला लावायला काय हरकत आहे?”

म्हातारी उठली आणि खुंटीवरची मोठी शाल काढली.

चोरी अगदी सोपी झाली, कारण तात सेनोबियोला स्वतःविषयी बोलायला फार आवडे. सकाळची गर्दी पांगली होती, तो दारात बसून भाकरी खात होता. फ्लोरिदाल्मानं रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि म्हणाली, “तात, एवढी माणसं सांभाळता, स्वतःकडेही बघा जरा.” त्यानं लगेच बाही वर केली.

“नान फ्लोरी, माझं काळीज म्हणजे बैलाचं काळीज.”

“हो, आवाजही तसाच येतोय. हलू नका.”

“डॉक्टरांनी मला एकदा विचारलं होतं, तुम्ही खाता काय? मी म्हटलं, श्रद्धा.”

“आणि डुकराचं मांस. थोडा चढलाय दाब. दीर्घ श्वास घ्या. आणखी एक.”

दीर्घ श्वासांच्या मध्ये कधीतरी नान तोमासा आत प्रार्थनेला गेली आणि शाल पोटाशी धरून बाहेर आली. जाताना तिनं तात सेनोबियोला देव तुमचं भलं करो म्हटलं. त्यानंही तिला म्हटलं.

घरी येऊन तिनं बाळ येशूला खाटेवर एल्मेरच्या उशाशी बसवलं. बाहेरची खोली थंडगार होती. चूल पलीकडे होती आणि फ्लोरिदाल्मानं मधलं दार लावून घेतलं होतं. तोमासा गुडघ्यांवर बसली आणि मनापासून प्रार्थना करू लागली. तिचा आवाज ऐकून फ्लोरिदाल्माला वाईट वाटलं. असं आर्जवानं कुणी माणसाकडे मागितलं असतं तर दगडाच्या माणसानंही दिलं असतं. ओडिलिया भिंतीशी उभी राहून कधी देवाकडे, कधी पोराकडे बघत होती. दहा वाजले, साडेदहा, अकरा. बाळ येशूच्या गालावरचा जुना काळा ओघळ गोठून मेणासारखा झाला होता. नवा थेंब येत नव्हता.

साडेअकराला घरातलं लाल कुत्रं आत आलं. ते खाटेपाशी गेलं, पुढचे पाय वर टेकले, बाळ येशूचं तोंड हुंगलं आणि मग अगदी मन लावून त्याचे गाल चाटायला लागलं.

“हाड! हाड, मेल्या!” तोमासानं त्याला लाथ घातली आणि शालीच्या टोकानं देवाचा गाल पुसला. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं बोटं नाकाशी नेली.

गावात कुठलाही सण असो, डुकराची चरबी कढवायचं काम गेली तीस वर्षं तोमासाकडे असे. तिला तो वास झोपेतही ओळखू आला असता. तिनं पुन्हा एकदा बोटं हुंगली, जिभेला लावली. मग दोन्ही हातांनी पत्र्याचा मुकुट धरला आणि हलकेच फिरवून वर उचलला. मुकुटाखाली डोकं पोकळ होतं. आत काठोकाठ काळी चरबी थापून भरलेली होती, काजळी कालवून केलेली, थंडीत घट्ट बसलेली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्याशी दोन बारीक भोकं होती, शिवणाच्या सुईनं पाडावीत तेवढी.

ती खाटेच्या कडेवर बसली आणि ते उघडं डोकं मांडीवर घेऊन बघत राहिली.

“मी त्याच्या नाकात चरबी घातली,” ती शेवटी म्हणाली. “काल पहिल्या आसूला माझ्या हातानं पाय धरून ठेवले होते मी त्याचे.”

“तुम्हाला काय माहीत होतं,” फ्लोरिदाल्मा म्हणाली.

“किती वाजले?”

“बाराला पाच कमी.”

“मग बसलात काय? ओडिलिया, पोराला उचल. मी पण येते.”

इस्पितळात एल्मेरला नळीनं प्राणवायू लावला आणि सुया टोचल्या. तरुण डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून दाखवली. पोराची छाती जिथं काळी दिसायला हवी तिथं पांढरे ढग होते. दोन दिवस पोर वाचेल की नाही हे कुणी सांगायला तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं आईचं दूध ओढलं. सात दिवस तोमासा खाटेशेजारी जमिनीवर बसून होती, आणि ज्या जागेला ती जन्मभर घाबरली ती तिनं डोळे उघडे ठेवून पाहिली. त्या खोलीत आठ पोरं होती. तिनं प्रत्येकाच्या आईला विचारलं, गाव कुठलं? सगळी वरच्या डोंगरातली. सगळ्यांच्या आया चुलीशी पोर पाठीला बांधणाऱ्या. सात दिवसांत दोन खाटा रिकाम्या झाल्या. त्यातल्या एकाच खाटेवरचं पोर घरी गेलं.

इकडे तात सेनोबियोनं गावभर सांगितलं की बाळ येशू कुणा भक्ताच्या घरी पाहुणा गेलाय, कांदेलारियाला दुप्पट ताकदीनं परत येईल. दुसरं काय सांगणार? रीतच तशी होती.

सणाच्या दिवशी ढोल वाजला, फटाके फुटले, तमालांच्या टोपल्या निघाल्या. अंगण पुन्हा भरलं. त्याच बायका, पाठीवर तीच पोरं, तोच खोकला. नान तोमासा नव्या झग्यातला बाळ येशू घेऊन पुढे होती आणि फ्लोरिदाल्मा तिच्या मागे. चोर कोण हे कळताच लोक हसले. तात सेनोबियोही हसला, पण त्याची नजर मुकुटावर होती.

तोमासानं मूर्ती खुर्चीत बसवली आणि टोपलीतून मेणबत्त्या काढल्या.

“आज राहू दे,” तात सेनोबियो घाईनं म्हणाला. “प्रवासानं दमलाय बाळ.”

“दमायला काय झालं? माझ्याकडे अकरा दिवस नुसता बसून होता. आणि मेणबत्त्या तुझ्याच दुकानातल्या आहेत, सेनोबियो, भिऊ नकोस.” तिनं त्याला तात म्हटलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

मेणबत्त्या पेटल्या. थोड्या वेळानं काळा थेंब डोळ्यात फुगला. बायका गुडघ्यांवर आल्या. तोमासानं मेणबत्त्या एकेक करून दूर सरकवल्या आणि पाण्यात भिजवलेलं फडकं मूर्तीच्या डोक्याला लावलं. थेंब गालावर अर्ध्या वाटेत थांबला आणि घट्ट झाला. तिनं मेणबत्त्या परत जवळ आणल्या. थेंब पुन्हा चालू लागला. असं तिनं दोनदा केलं. मग मुकुट उचलला, चमच्यानं आतली काळी चरबी काढली आणि भाकरीवर घेऊन दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्यानं ती दोन घासांत संपवली आणि आणखी आहे का म्हणून वर पाहिलं.

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. प्रत्येक बाई आपल्या पोराच्या नाकाकडे बघत होती.

तात सेनोबियोचं तोंड पडलं होतं, तरी जीभ शाबूत होती. “बंधूंनो, भगिनींनो, एक मिनिट. मी काय विष घातलं का? चरबी आपण सगळे खातो. आणि ती काजळी? ती माझ्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावरची. तुमच्या प्रत्येकीच्या पत्र्यावर आहे तीच. मी बाहेरून काही आणलेलं नाही.”

“मग नान,” एक तरुण बाई फ्लोरिदाल्माकडे वळून म्हणाली, “पोरं खोकतात ती कशानं?”

सव्वीस वर्षं फ्लोरिदाल्मा या प्रश्नाचं उत्तर देत आली होती, कुणी न विचारता. त्यासाठी तिच्याकडे रंगीत तक्ते होते, ते भिंतीवर लावलेले होते आणि कडेनं फाटले होते. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि तिच्या हातात तक्ता नव्हता.

“यानं सांगितलं त्यानंच,” ती म्हणाली. “तुमच्या पत्र्यावरची काजळी कुठून आली? चुलीतून. मग पाठीवर पोर बांधून तुम्ही रोज तीन तास त्याच चुलीवर वाकता, तेव्हा त्याच्या आत काय जातं? पत्रा खोकत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. धुरानं छाती अधू होते, मग घरातल्या कुणाचा तरी साधा खोकला येतो आणि तिथं मुक्काम करतो. एका खाटेवर पाचजण झोपता, एकाचा पाचांना जातो. लस टोचायच्या दिवशी मक्याचं काम निघतं. दूध तोडून पोराला कॉफीचं पाणी देता. औषध वेळेवर येत नाही, तो दोष माझ्या खात्याचा आहे, तो मी कबूल करते. पण यात नजर नाही, वारं नाही, देवाचा कोप नाही.”

ती थांबली. मग तिनं ते सांगितलं, जे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि तिनं कधी तोंडावर आणलं नव्हतं.

“मला तिसरं मूल होतं. आबेलिनो. मी एकोणीस वर्षांची होते, घरात चौदा माणसं, रोजच्या शंभरावर भाकऱ्या. तो चार दिवस खोकत होता. त्या सकाळी तो माझ्या पाठीवर खोकता खोकता गप्प झाला, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, झोपला एकदाचा. उरलेल्या भाकऱ्या थापून झाल्यावर मी त्याला पाठीवरून सोडला.”

अंगणात फक्त पोरांचा खोकला ऐकू येत होता.

“मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगतेय. पोर पाठीवरून सोडा, म्हातारीजवळ द्या, दाराबाहेर ठेवा. पत्र्याला धुरासाठी भोक पाडा, पावसासाठी त्यावर छोटं छप्पर करा. नाकात काही घालू नका, कुणीही सांगितलं तरी. आणि मोजायला शिका. पोर शांत असताना छाती बघा. वर्षाच्या आतलं पोर, मिनिटाला पन्नासच्या वर गेलं तर माझ्याकडे. त्याहून लहान, दोन महिन्यांच्या आतलं, तर साठ. आणि बरगडीखाली खड्डा पडताना दिसला, तर माझ्याकडेही नको, सरळ पिकअप. एवढंच आहे. यात काही चमत्कार नाही.”

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून खुर्चीच्या हातावर, बाळ येशूशेजारी ठेवलं. “काटा वर आला की सुरू करा. मोठ्यानं नको, मनात.”

सुरुवातीला कुणी हललं नाही. मग ओडिलियानं गाठ सोडली, एल्मेरला पाठीवरून पुढे घेतलं आणि त्याचा अंगरखा वर केला. तिच्या शेजारणीनं केलं. मग तिसरीनं. चाळीस बायका आपापल्या पोरांच्या छातीकडे बघत ओठ हलवत होत्या, प्रार्थनेत हलतात तसेच. नान तोमासा एल्मेरच्या पोटावर बोट धरून बसली होती. मिनिट संपल्यावर तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “बेचाळीस.”

दाराशी एक बाई रडायला लागली होती. तिच्या पोराचे एकोणसत्तर भरले होते, आणि ती पुन्हा पुन्हा मोजत होती. त्या दिवशी एकच्या पिकअपमधून तीन पोरं खाली गेली.

तात सेनोबियो महिन्याभरात पुन्हा बसगाड्यांत दिसू लागला, आता गुडघेदुखीचं मलम घेऊन. गावात त्या पावसाळ्यापर्यंत अकरा घरांच्या पत्र्यांना धुराडी बसली. बाकीची तशीच आहेत. औषधाची गाडी अजूनही सोमवारी येते किंवा येत नाही. फ्लोरिदाल्मा दर आठवड्याला अर्ज लिहिते. तिला आता मुलं किती म्हणून विचारलं तर ती न थांबता तीन म्हणते. आणि केंद्राच्या दारात पोर घेऊन आलेल्या बाईला ती नाव विचारण्याआधी विचारते, “किती भरले?” बहुतेक जणी आकडा सांगतात.